मागे कधी नकार आला होता का

द्वारका, नवी दिल्ली
६ सप्टेंबर २०२४

ती. स्व. ताईस,
कल्पनाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण लिहायला धीर होत नव्हता. ताई, माझा इंग्लंडचा व्हिसा नाकारला. मागच्या गुरुवारी पाकीट आलं. ह्यांनी कात्री आणून दिली, मी फोडलं. आत पासपोर्ट आणि दोन पानी पत्र. तुला फोनवर ऐकू येत नाही याचं या एका वेळी बरं वाटलं. तुझा आवाज ऐकला असता तर मी भोकाड पसरलं असतं.

चूक माझ्याच वाक्याची. अर्जात जाण्याचं कारण विचारलं होतं. मी ह्यांना लिहायला सांगितलं, की आमच्याकडे पहिलं बाळंतपण आई करते, लेक तिकडे आहे म्हणून मी जाते आणि तिला माझी गरज असेल तितके दिवस राहीन. यात वावगं काय आहे ते मला अजून कळत नाही. पण तिथल्या अधिकाऱ्याने तेवढंच वाक्य उचललं आणि लिहिलं, की ही बाई परत जाईल याची आमची खात्री पटत नाही.

मयुराला डिसेंबरचा पहिला आठवडा दिलाय. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात काय झालं ते तुला माहीत आहे. या खेपेला रक्तदाब आत्तापासूनच वर आहे. जावई कामासाठी आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या शहरात असतो. ती फोनवर हसून सांगते की आई, टेन्शन नको घेऊस, सब ठीक है. आणि फोन ठेवायच्या आधी हळूच विचारते, की तू येशील ना. मला भीती वाटते ताई. त्या घरात ती एकटी असताना तिला काही झालं तर, एवढाच विचार दिवसभर डोक्यात असतो.

हे मात्र शांत आहेत. अडतीस वर्षं मंत्रालयात काढलेला माणूस. ह्यांचं म्हणणं, फाइल आक्षेपांसह परत आली म्हणजे ती नामंजूर होत नसते. आक्षेप दूर करायचे आणि पुन्हा वर पाठवायची. नवा अर्ज पूर्ण स्वतः भरणार म्हणतात. स्वतः यायला तयार नाहीत. विमान सोसत नाही आणि नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो.

परवा माझे फोटो आणायला करोल बागेला गेले, ते संध्याकाळी रिकाम्या हातांनी आले. मेट्रोतून उतरून चक्क आर. के. पुरमला गेले होते, आपल्या जुन्या क्वार्टरसमोर बसून होते. मी म्हटलं, सरकारने क्वार्टर परत घेतलं पण तुम्हाला घ्यायचं राहिलं बहुतेक. हसले.

उद्या गणपती. मोदकांना हात वळेल असं वाटत नाही. मनातली माया या आठवड्यात जरा जास्तच असू दे.

तुझी,
कल्पना


कराड
१४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. कल्पनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. खरं सांगू का, ते वाक्य वाचून मीसुद्धा तुला व्हिसा दिला नसता. जाणार कधी ते न सांगणारा पाहुणा आला तर आपणही गादी घालताना विचार करतो, मग ते तर परके. शाळेत असताना तुझ्या निबंधांचंही हेच होतं. विषय चांगला, शेवटच नाही.

आता रडणं पुरे. येण्याजाण्याच्या तारखा लिही. आणि परत येण्याचं कारण शोधायला लांब जाऊ नकोस. घरी नवरा एकटा आहे, त्याला डाळ कुठल्या डब्यात आहे हे चाळीस वर्षांत कळलेलं नाही, हे कारण कुठल्याही देशातल्या बाईला पटेल. अधिकारी बाई असली म्हणजे झालं.

मयुराची काळजी मलाही आहे. शाळेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना धीर दिला, पण घरच्या पोरीचं आलं की तो मलाच पुरत नाही. तू मात्र फोनवर तिला तुझा रडका आवाज ऐकवू नकोस.

ते आर. के. पुरमचं वाचून हसले, मग जरा थांबले. पद्माकरराव दमले असतील. क्वार्टर सोडून सहा वर्षं झाली ना तुम्हाला? त्यांना सांग, मेहुणीला चार ओळी लिहा. त्यांचं ते मोत्यासारखं अक्षर पाहून वर्ष झालं.

बाकी ठीक. राजीव आणि सूनबाई मजेत. पत्राला पत्र येऊ दे, आणि जीव सांभाळून राहा.

तुझी,
ताई


द्वारका
१ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज गेला. काल व्हिसा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. मशीनवर बोटं इतकी दाबली की ठसा उमटेना. तिथली मुलगी म्हणाली, आंटी, रिलॅक्स. तिला काय सांगणार? पुढच्या खुर्चीतल्या एका सरदारजींचा तिसरा अर्ज होता. ते म्हणाले, की दुसऱ्या वेळी नाही म्हटलं तर मग पुढचं कठीण होऊन बसतं. ते ऐकल्यापासून जेवण जात नाही.

तुझ्या सांगण्याप्रमाणे तारखा घातल्या, बारा नोव्हेंबरला जाणं आणि वीस जानेवारीला येणं. ह्यांनी चार दिवस कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं होतं. मी डोकावले तर म्हणायचे, तयार झाल्यावर सहीला पाठवतो. शेवटी मी सगळं न वाचताच हो म्हटलं. इंग्रजी रकाने, बारीक अक्षर, आणि ह्यांच्या कामात आजवर मी कधी चूक पाहिलेली नाही.

मयुराचे पाय सुजलेत. डॉक्टरांनी दर आठवड्याला बोलावलंय. उत्तर यायला तीन आठवडे लागतील. दाराची बेल वाजली की हातातलं टाकून दाराशी धावते, मग तो दूधवाला का असेना.

ह्यांनी तुला पत्र लिहायला घेतलंय. देवापाशी आमच्यासाठी दिवा लाव, आणि मला विसरू नकोस.

तुझी,
कल्पना


द्वारका, नवी दिल्ली
३ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. हेमलताताई यांस,
पद्माकरचा कृतानेक सा. न. वि. वि.

आपली अक्षराबद्दलची तक्रार योग्य मार्गाने प्राप्त झाली. तिची दखल घेऊन हे उत्तर सादर करत आहे. विलंब झाला, तो माफ व्हावा.

सौ.च्या प्रवासाचं काम मी हाती घेतलं आहे. ती विनाकारण घाबरते. सरकारी काम सगळीकडे सारखंच असतं, दिल्लीत काय आणि लंडनमध्ये काय. कागद पूर्ण असले की सही अडत नाही. आपला हा पहिलाच अर्ज, त्यामुळे मी कसून तयारी केली. एका रकान्यात त्यांनी विचारलं होतं, की मागे कधी व्हिसाला नकार आला होता का. मी ताठ मानेने 'नाही' असं भरलं. नोकरीत माझा एक कागद कधी नामंजूर झाला नाही, मग बायकोचा कसा होईल?

मयुराचं कळलंच असेल. आजोबा होणार म्हणून सोसायटीतले लोक आत्ताच पेढे मागायला लागले आहेत. मी सांगितलं, आधी आदेश निघू दे, मग वाटप.

अण्णासाहेबांना माझा नमस्कार सांगा. आमचा बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिला आहे. जानेवारीत पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकावरच्या कार्यक्रमाला त्यांना घेऊन याच. थंडीची व्यवस्था माझ्याकडे.

चूकभूल पोटात घालून स्नेह चालू ठेवावा ही विनंती.

आपला,
पद्माकर


कराड
९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. कल्पनास,
आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच. राजीवकडून फोन करवणार होते, पण तुझा फोन पद्माकरराव उचलतात आणि मोबाइलवरचे निरोपही तेच तुला वाचून दाखवतात. दुसऱ्याच्या नावाचं टपाल मात्र ते फोडत नाहीत, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवते.

त्यांचं पत्र आलं. अक्षर तेच, तसंच सरळ. पण त्यात लिहिलंय की हा आपला पहिलाच अर्ज आहे. मागे कधी नकार आला होता का, या प्रश्नाला त्यांनी 'नाही' असं भरलंय. ताबडतोब अर्जाची प्रत काढून तो रकाना बघ. मी आधी मनाची समजूत घातली, की आक्षेपांसह परत आलेली फाइल नामंजूर नसते, हे त्यांचं कचेरीतलं तर्कट असेल. पण खाली त्यांनी अण्णासाहेबांना नमस्कार सांगितला आहे. बुद्धिबळाचा डाव राहिलाय म्हणतात.

कल्पना, आमच्या ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेराव्याला पंगतीत वाढायला पद्माकरराव स्वतः उभे होते. मी ते पत्र तीनदा वाचलं, प्रत्येक वेळी वाटलं की माझंच काही चुकतंय. आर. के. पुरमचा प्रकार तू लिहिलास तेव्हाच मी विचारायला हवं होतं. तुझ्यावर आधीच इतकं ओझं, म्हणून गप्प बसले.

त्यांच्यावर ओरडू नकोस. अर्ज बघ, जावयाला कळव आणि त्यांना डॉक्टरकडे ने, याच क्रमाने. मी तुझ्या पाठीशी आहे, हे मनात ठेव.

तुझी,
ताई


द्वारका
१७ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तेच निघालं. रकान्यात 'नाही' आहे, आणि खाली माझी कबुली आहे की वरील सर्व माहिती खरी आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हे खाली फिरायला गेल्यावर मी फाइल काढली. नकाराचं पत्र तिथेच होतं, नीट पंच करून लावलेलं. कोपऱ्यात ह्यांच्या हातचा शेरा, 'पाहिले', आणि खाली तारीख. हे वर आल्यावर मी ते समोर धरलं. ह्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि मला विचारलं की हे कधी आलं. मग स्वतःचा शेरा पाहिला. बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले. अक्षर माझंच आहे, एवढंच म्हणाले. ताई, चाळीस वर्षांत मी ह्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

आता मागचं सगळं आठवतं. जानेवारीत काला अंबला पुण्याच्या मंडळींना हे नेहमीसारखे लढाईत पडलेल्या सरदारांची नावं सांगत होते आणि मध्येच थांबले. मी पाण्याची बाटली दिली, म्हटलं घसा बसला असेल. गॅस चालू राहिला तर मी वयावर घातलं. मला दिसत होतं, पण मी बघत नव्हते. मयुराला तर अवाक्षर सांगितलं नाही, तिचा रक्तदाब वाढेल म्हणून.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. हे म्हणाले, तोंडी विचारणेला उत्तर देता येत नाही, लेखी द्या. डॉक्टर हसले, मी बाहेर येऊन रडले. विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, हळूहळू वाढेल असं लिहून दिलंय.

जावयाला, साकेतला फोन केला. तो म्हणाला, की नकार लपवला असं त्यांनी ठरवलं तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं. करोल बागेतला एजंट म्हणाला, मॅडम, चुप रहो, कोई नहीं देखता. पण मागचा नकार त्यांच्याच दफ्तरात आहे, तो त्यांना कसा दिसणार नाही? शेवटी आम्ही ठरवलं, त्यांनी विचारायच्या आत आपणच लिहायचं. मी मराठीत लिहिलं, साकेतने इंग्रजी करून पाठवलं. नकार आला होता हे खरं आहे. अर्ज नवऱ्याने भरला, त्याला तो नकार आठवत नाही, डॉक्टरांचा कागद जोडला आहे. मी न वाचता हो म्हटलं, ती चूक माझी. आणि या माणसाला सोडून मी वीस जानेवारीच्या पुढे एक दिवस राहू शकत नाही.

ते लिहिल्यावर मयुराला सांगावंच लागलं. ती रडली नाही. तिने विचारलं, बाबांना मी आठवते ना. मी म्हटलं बिल्कुल, वेडे. पण फोन ठेवल्यावर ह्यांना मुद्दाम तिचं नाव विचारून आले.

आता नुसती वाट बघायची. एकीकडे ती, एकीकडे हे, आणि मध्ये मी. देव ऐकत असेल तर त्याला माझं नाव सांग.

तुझी,
कल्पना


द्वारका
४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

व्हिसा मिळाला.

शनिवारी, ऐन पाडव्याला पाकीट आलं. मला उघडवेना. शेवटी खालच्या विजयालक्ष्मींना बोलावून फोडायला लावलं. त्यांनी पान उघडून दाखवलं तरी मी विचारत होते की नक्की ना. आपल्या खुलाशाबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलेलं नाही. मयुरा फोनवर इतकी ओरडली की साकेतने तिला खाली बसवलं.

तुला वाटेल आता बाई हसत असेल. दोन महिने नकाराला भ्याले, आता होकाराला भिते. कालच हे दुकानातून येताना आपली सोसायटी सोडून पुढे गेले. वॉचमनने हाक मारून आणलं. असा माणूस सत्तर दिवस कोणाच्या हवाली करू? बाई ठेवावी तर हे तिला पाहुणी समजून चहा करायला उठतात. न जावं तर मयुरा आहे. या वयात तुला विचारणं बरं नाही, म्हणून विचारत नाही, फक्त कळवते. पण तुला लिहिताना मन काय म्हणतं ते तुला कळलंच असेल.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.

तुझी,
कल्पना


कराड
८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कल्पनास,
आशीर्वाद.

न विचारता विचारायची तुझी जुनी खोड. पोस्ट वेळेत पोचणार नाही, म्हणून राजीव या पत्राचा फोटो विजयालक्ष्मींच्या मोबाइलवर पाठवतोय. राजीव मला दिल्लीला पोचवतोय, दहाला निजामुद्दीनला उतरू. मला ऐकू येत नाही आणि त्यांच्या लक्षात राहत नाही, आमचं बरं जमेल. निदान भांडण तरी लांबणार नाही.

भीती मलाही वाटते. परक्या गावात, हिंदी धड येत नाही, आणि माणूस असा. पण तू जा. लेकीची वेळ टळत नसते. गोळ्यांचे डबे कुठे, डॉक्टर कोण, कुलपाच्या किल्ल्या किती, सगळं लिहून ठेव. स्टेशनवर त्यांना एकट्याला पाठवू नकोस.

बाकी भेटीत.

तुझी,
ताई


द्वारका
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. कल्पनास,
अनेक उत्तम आशीर्वाद. चि. मयुरास आणि नव्या पाहुणीस गोड पापा.

हे पत्र विजयालक्ष्मी मोबाइलवर फोटो काढून तुला पाठवतील. पोस्टाने येईपर्यंत पोरगी रांगायला लागेल.

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे कळल्यापासून माझा जीव भांड्यात पडला. शेवटच्या रात्री रक्तदाब एवढा चढला आणि तू तिथे होतीस, हे वाचून मी देवाला हात जोडले. तू नसतीस तर पोरीने कोणाचा हात धरला असता? पद्माकररावांनी पेढे वाटले. पहिल्या मजल्यावर दोनदा वाटले, कोणी तक्रार केली नाही. हयातीचा दाखलाही दिला. बँकेतल्या माणसाला म्हणाले, मी जिवंत आहे हे तुम्हाला दिसतंय, मग कागद कशाला.

एक गोष्ट लिहू की नको, असं चार दिवस चाललंय. पण झाकून ठेवायचं ते आपण पुष्कळ झाकून पाहिलं, म्हणून लिहिते.

तू गेल्यापासून ते रोज विचारतात की कल्पना कुठे गेली. मी सांगते, मयुराकडे. मग मान डोलावतात. मंगळवारी सकाळी नाही विचारलं. मला थंडी सोसत नाही म्हणून तुझं राखी स्वेटर घालून मी बाल्कनीत पाठमोरी बसले होते, मेथी निवडत. त्यांनी आतून तुझ्या नावाने हाक मारली. अगं, मला दाराची बेल ऐकू येत नाही, पण ती हाक आली. मी वळून बघितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना काही वेगळं दिसत नव्हतं. इतका निवांत चेहरा मी महिनाभरात पाहिला नव्हता.

आणि मी ओ दिली.

त्यानंतर ते रोज तशीच हाक मारतात आणि मी रोज ओ देते. तू कुठे गेलीस, हे आता विचारत नाहीत. मी बरं केलं की वाईट, मला कळत नाही. डॉक्टर म्हणतात, घाबरवू नका, चालू द्या. पण घाबरले मीच आहे. मयुरा तुला अजून थोडं राहा म्हणेल, आणि तिचंही खरं आहे. तरी बारसं करून घे, तिला चार गोष्टी शिकव आणि वीस जानेवारीचं तिकीट पुढे ढकलू नकोस. तुझी हाक मी घेते आहे, ती माझी नाही.

तुझी वाट बघणारी,
ताई